लॉजमधील रिकामी आसने

अमेरिकेच्या मध्यभागातील इंडियाना, ओहायो, इलिनॉय या राज्यांतून प्रवास करणाऱ्याला अनेक जुन्या गावांत, न्यायकचेरीच्या चौकापासून चार पावलांवर, विटांची एक भक्कम दोनतीन मजली इमारत आढळते. तिच्या दर्शनी भिंतीवर गवंड्याचा गुण्या आणि कंपास एकमेकांत गुंफून कोरलेले असतात, तळमजला बहुधा एखाद्या दुकानदाराला भाड्याने दिलेला असतो, आणि वरच्या मजल्यावर, पूर्वेस अध्यक्षाचे उच्चासन व मधोमध धर्मग्रंथ ठेवण्याची वेदी असलेले, शेदीडशे माणसे सहज बसतील असे एक प्रशस्त दालन असते. हा त्या गावचा मेसॉनिक लॉज. महिन्याच्या ठरलेल्या संध्याकाळी तेथे दिवे लागतात, चिटणीस मागच्या सभेचे इतिवृत्त वाचतो, खजिनदार जमाखर्च मांडतो. परंतु भिंतीलगतच्या त्या लांबलचक आसनांवर बहुतेक ठिकाणी दहापंधराच माणसे बसलेली असतात, आणि त्यांपैकी निम्म्या जणांनी अध्यक्षपद पूर्वीच एकदोनदा भूषविलेले असते. हे दालन ज्यांनी बांधले त्यांच्या काळी ते अपुरे पडत होते. आज ते पुन्हा भरावे कसे, आणि भरले तरी भरलेले राहावे कसे, या प्रश्नाचा विचार त्या देशात गेली साठ वर्षे होत आहे. त्या विचारातून जे निष्पन्न झाले ते स्वेच्छेने चालणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या चालकाने लक्षपूर्वक पाहावे असे आहे.

प्रथम या संघाचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. फ्रीमेसन हा बंधुसंघ म्हणजे दगडकाम करणाऱ्या गवंड्यांच्या जुन्या मंडळांची परिभाषा आणि हत्यारे उचलून त्यांच्या द्वारे नीतिशिक्षण देणारी संस्था होय. गुण्या, ओळंबा, पाणसळ, हातोडी, थापी ही हत्यारे येथे अनुक्रमे सरळ वर्तन, सचोटी, समता, आत्मसंयमन आणि बंधुप्रेम यांची प्रतीके होतात. लंडनमध्ये सेंट पॉलच्या प्रार्थनामंदिराजवळील ‘गूज अँड ग्रिडआयर्न’ नामक मद्यगृहात चार लॉजचे सभासद २४ जून १७१७ रोजी एकत्र जमले आणि त्यांनी पहिला ग्रँड लॉज स्थापन केला, असे परंपरा सांगते. १७२३ साली जेम्स अँडरसन या स्कॉटिश धर्मोपदेशकाने संघाची घटना छापून प्रसिद्ध केली. नवागताला तीन श्रेणींमधून, म्हणजे उमेदवार, कारागीर आणि मास्टर मेसन अशा क्रमाने दीक्षा मिळते. परमेश्वरावर श्रद्धा असणे आवश्यक, मात्र पंथ कोणता हे विचारावयाचे नाही, आणि लॉजच्या सभेत धर्म व राजकारण यांचा वाद काढावयाचा नाही, हे मूळ दंडक होत. सर्व जगावर हुकमत चालविणारी मध्यवर्ती सत्ता या संघात नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड यांचे ग्रँड लॉज वेगळे आहेत, अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा वेगळा आहे, आणि स्थानिक लॉज त्यांच्या सनदेखाली आपला कारभार चालवितो. भारताचा स्वतंत्र ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ रोजी स्थापन झाला. या संघाच्या गुप्ततेविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की तिची जिज्ञासा करण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासारख्या पुरुषांना ज्या सभेत बसणे गौरवाचे वाटले, तिच्यात आजचा सुशिक्षित तरुण एकदा येऊन पुन्हा का येत नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आकडे पाहिले तर ओहोटी किती मोठी आहे ते कळते. १९३० च्या सुमारास अमेरिकेत मेसनांची संख्या ३२ लाखांच्या वर होती. महामंदीच्या दशकात वर्गणी भरणे अनेकांना जड झाले आणि १९४१ पर्यंत ती २५ लाखांच्या आसपास उतरली. महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांनी, रणांगणावर अनुभवलेला सहवास नागरी जीवनातही मिळावा या इच्छेने, लॉजच्या दाराशी रांगा लावल्या, आणि १९५९ साली ती ४१ लाखांवर गेली. तेथून जी उतरण लागली ती थांबलेली नाही. आता ही संख्या १० लाखांच्याही खाली आली आहे. रॉबर्ट पटनम या राज्यशास्त्रज्ञाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या ‘बोलिंग अलोन’ या ग्रंथात दाखविले की ही ओहोटी एकट्या मेसनांची नव्हे. पालकसंघ, कामगारसंघ, क्लब, चर्चची मंडळे अशा सर्वच संस्थांतून अमेरिकन माणूस हळूहळू बाहेर पडत गेला, आणि त्याच्या कारणांत दूरचित्रवाणी, शहराबाहेरच्या वसाहतींतून होणारी लांबची ये-जा, पतिपत्नी दोघांचीही नोकरी आणि पिढीपिढीतील अंतर यांची गणना त्याने केली. एक कारण मला विशेष बोलके वाटते. केंटकी राज्यातील मेसनांनी १८६७ साली आपल्या दिवंगत बंधूंच्या विधवा व अनाथ मुले यांच्यासाठी आश्रम काढला, त्या काळी लॉजचे सभासदत्व म्हणजे कुटुंबाच्या आपत्कालाची तरतूद होती. १९३५ च्या कायद्याने सरकारनेच वृद्धापकाळाची जबाबदारी पत्करली, विमा घरोघर पोहोचला, आणि लॉजमध्ये जाण्याचे एक व्यावहारिक प्रयोजन निघून गेले. प्रयोजन गेल्यावर उरते ते सभेचे स्वतःचे मोल, आणि ते मोल कमी पडले.

याहून घोर संकट या संघावर पूर्वी येऊन गेले आहे. १८२६ साली न्यूयॉर्क राज्यातील बटेव्हिया गावचा विल्यम मॉर्गन हा गृहस्थ, मेसनांची गुपिते छापण्याचा बेत जाहीर केल्यानंतर, अचानक नाहीसा झाला; त्याचा घात मेसनांनीच केला असा सार्वत्रिक ग्रह झाला, मेसनविरोधी असा एक राजकीय पक्षच उभा राहिला, आणि १८३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्या पक्षाच्या उमेदवाराने व्हरमाँट राज्य जिंकले. न्यूयॉर्कमधील सभासद सुमारे २० हजारांवरून ३ हजारांवर आले. तरीही तो घाव भरून निघाला, कारण तो बाहेरून झालेला होता आणि आत उरलेल्यांची निष्ठा शाबूत होती. उलट, आजच्या सभासदाला कोणी छळून बाहेर काढलेले नाही, त्याने वर्गणीची नोटीस नुसती न भरता बाजूला ठेवली आहे.

या ओहोटीवर जे पहिले उपाय झाले ते सर्व दार रुंद करण्याचे होते. मेसन होण्यास कोणाला आमंत्रण द्यावयाचे नाही, इच्छुकाने स्वतः येऊन विचारावे, हा जुना शिरस्ता. तो सैल करून रस्त्याकडेला फलक लावले गेले आणि वृत्तपत्रांत जाहिराती आल्या. तीन श्रेणींच्या दीक्षेला, मधली पाठांतरे धरून, एरव्ही काही महिने लागत. १९९० नंतर अनेक राज्यांत एकाच दिवशी, एका भव्य सभागृहात, शेकडो जणांना तिन्ही दीक्षा देण्याचे सोहळे सुरू झाले आणि २००२ साली ओहायोत तर अशा सोहळ्यातून एका दिवसात हजारो मेसन झाले. वर्गणी मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या मानानेच राहिली, कारण ती वाढविली तर आहेत तेही जातील ही धास्ती. हे करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, आणि त्या एकदिवसीय मेसनांपैकी काही जण पुढे लॉजचे आधारस्तंभ झाले हेही खरे आहे. परंतु नोंदवहीत नाव चढले म्हणजे माणूस आला असे होत नाही. ज्याला प्रवेशासाठी काही शिकावे लागले नाही, कोणाची वाट पाहावी लागली नाही, आणि आत आल्यावर ज्याच्यावाचून कोणाचे काही अडले नाही, तो तिसऱ्या सभेला आला नाही तर त्यात त्याचा दोष किती? एकूण संख्येची घसरण या उपायांनी थांबली नाही.

हे सर्व घडण्यापूर्वीच, सभासदसंख्या शिखरावरून नुकती कोठे ढळू लागली असताना, इंडियाना राज्यातील ड्वाइट स्मिथ नावाच्या मेसनाने धोक्याची सूचना दिली होती. स्मिथ हे त्या राज्याचे माजी ग्रँड मास्टर, दीर्घकाळ ग्रँड लॉजचे चिटणीस आणि त्याच्या मासिकाचे संपादक. दप्तर त्यांच्या हातून जात असल्यामुळे आकड्यांमागची माणसे त्यांना दिसत होती. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत त्यांनी आपल्या बंधूंसमोर दहा प्रश्न ठेवले, आणि ते लेख पुस्तिकारूपाने देशभर वाचले गेले. लॉजचे नेतृत्व पूर्वीच्या दर्जाचे राहिले आहे काय? दारावरचा पहारा आपण नीट करतो काय? प्रवेश फार सुलभ झाला नाही ना? मोठेपणाच्या, म्हणजे नुसत्या आकाराच्या, आराधनेत आपण गुंतलो नाही ना? दानधर्म हा धनादेश लिहिण्यापुरता उरला नाही ना? सहभोजनाची जुनी चाल आपण का मोडली? आणि ज्या नीतिशिक्षणासाठी ही संस्था जन्मली त्याचे सभेत काय झाले? असा त्या प्रश्नांचा रोख होता. स्मिथ यांचे उत्तर साधे होते: संघाला दुसरे काही बनविण्याची खटपट सोडून आधी मेसनांनी मेसनचे काम करून पाहावे. त्यांच्या हयातीत हे उत्तर अनेकांना जुनाट वाटले. मला ते या सर्व चर्चेतील सर्वांत व्यवहार्य उत्तर वाटते, कारण माणूस ज्या गोष्टीसाठी येतो ती गोष्ट त्याला मिळते की नाही, हा प्रश्न त्यांनी संख्येच्या आधी ठेवला.

ती गोष्ट सभेतून कशी नाहीशी झाली याचा इतिहासही उद्‌बोधक आहे. अठराव्या शतकातील लॉज हा मुख्यतः मेजाभोवती भरत असे. भाड्याच्या खोलीत पंधरावीस माणसे लांब मेजाच्या दोन्ही बाजूंना बसत, अध्यक्ष प्रश्न विचारी, एकेक बंधू प्रश्नोत्तरीतील आपला भाग म्हणे, मध्ये शुभेच्छांचे पेले उंचावले जात, नंतर जेवण होई आणि जेवताना कोणी निबंध वाची वा कोणी गाणे म्हणे. प्रत्येकाला काही ना काही म्हणावे लागे, नुसते बसून राहण्याची सोयच नव्हती. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात मद्यपाननिषेधाची चळवळ जोरात आली, तेव्हा लॉजमधून मद्य गेले, आणि मद्याबरोबर ते दीर्घ सहभोजनही गेले. १८४३ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या परिषदेने असे सुचविले की लॉजचे कामकाज फक्त तिसऱ्या श्रेणीच्या सभेतच चालावे. ती सूचना बहुतेक राज्यांनी उचलली, आणि त्याचा परिणाम असा झाला की पहिली दीक्षा घेतलेला उत्साही नवागत पुढची पायरी चढेपर्यंत मासिक सभेच्या दाराबाहेर राहिला. दालने मोठी झाली, आसने भिंतीकडे सरकली, आणि सभेत उरले इतिवृत्त, बिले, पत्रव्यवहार आणि छताच्या गळतीवरची चर्चा. कारभार हा कोणत्याही संस्थेला टाळता येत नाही हे मान्य, परंतु कारभार हेच जिचे कार्यक्रमपत्रक झाले आहे त्या सभेला, दिवसभर कचेरीत कारभारच करून आलेल्या माणसाने पुन्हा का यावे? ही गोष्ट ओळखून गेल्या काही दशकांत अनेक राज्यांनी १८४३ चा तो नियम बदलला आहे आणि नवागताला पहिल्या महिन्यापासून सभेत बसण्याचा हक्क दिला आहे.

याच्या पुढे जाऊन ज्यांनी लॉजची रचनाच नव्याने मांडली त्यांचे प्रयोग विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १९९० नंतरच्या दशकात निघालेला ‘एपिक्युरियन’ लॉज आणि इंडियानातच, स्मिथ यांच्या विचारांचे ऋण मान्य करून, पुढील दशकाच्या आरंभी स्थापन झालेला ‘व्हिट्रुव्हियन’ लॉज, या दोघांनी प्रचलित उपायांच्या नेमके उलट केले. सभासदसंख्येला मर्यादा घातली, वर्गणी वाढविली, उपस्थिती बंधनकारक मानली, सभेला नीटनेटका पोशाख आवश्यक ठरविला, प्रत्येक सभेत एक निबंध किंवा व्याख्यान ठेवले, वरच्या श्रेणीसाठी उमेदवाराने स्वतः अभ्यास करून लिहावे असे ठरविले, आणि कामकाज आटोपशीर करून सभेनंतर चांगले भोजन पुन्हा सुरू केले. हा मार्ग प्रत्येक गावाला झेपणार नाही. शेतकरी आणि कारखान्यातील कामगार ज्या लॉजचे सभासद आहेत तेथे मोठी वर्गणी म्हणजे अन्याय होईल, आणि थोडक्या निवडक जणांचा लॉज उच्चभ्रूंचा क्लब होण्याचा धोका आहेच. तरी या प्रयोगांतील गाभा पैशात नाही. माणसाकडून काही अपेक्षा केली की तो ती पुरी करण्यासाठी येतो, हे त्यांनी ओळखले, आणि तेवढे ओळखण्यास मोठ्या वर्गणीची गरज नाही.

याचे एक उत्तम उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासातच आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेला रुडयार्ड किपलिंग विशीत असताना लाहोरला एका वृत्तपत्रात काम करीत होता. तेथील ‘होप अँड पर्सिव्हरन्स’ या ७८२ क्रमांकाच्या लॉजने १८८६ च्या एप्रिलमध्ये, प्रवेशासाठी आवश्यक असलेली एकवीस वर्षे पुरी झालेली नसतानाही खास परवानगी काढून, त्याला दीक्षा दिली, आणि याचे कारण, किपलिंगनेच आत्मवृत्तात सांगितल्याप्रमाणे, लॉजला एक चांगला चिटणीस हवा होता. म्हणजे दारातून आत येण्यापूर्वीच या मुलाच्या वाट्याचे काम ठरलेले होते. पत्रकाराचा हात असलेला हा तरुण इतिवृत्ते लिहू लागला. पुढच्या वर्षी त्याने सभेत व्याख्याने दिली. दालनाच्या भिंती उघड्याबोडक्या होत्या, म्हणून त्याने आपल्या वडिलांचा, म्हणजे पूर्वी जे. जे. मध्ये अध्यापक असलेल्या लॉकवुड किपलिंग यांचा, सल्ला घेऊन सॉलोमनच्या मंदिराच्या वर्णनाबरहुकूम पडदे लावण्याच्या कामी हातभार लावला. मुसलमान, हिंदू, शीख, आर्यसमाजी, ब्राह्मसमाजी आणि दारावर पहारा करणारा एक यहुदी यांची भेट आपल्याला तेथे झाली, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. लाहोरच्या त्या लॉजमध्ये तो दोन वर्षेही पुरता राहिला नाही, अलाहाबादला बदलून गेला. पण त्याच्या कवितांत आणि कथांत मेसनांची परिभाषा आयुष्यभर उमटत राहिली. किपलिंगच्या साम्राज्यवादी मतांविषयी आपल्याला काय वाटते ते वाटो. लॉजच्या वडीलधाऱ्यांनी त्या पोराची पारख केली आणि त्याला जे येत होते तेच त्याच्याकडून करवून घेतले, यात संस्थाचालनाचे जे शहाणपण आहे ते नाकारता येणार नाही.

हेच सूत्र आजच्या स्थानिक लॉजमध्ये राबवावयाचे तर त्याची काही साधने आहेत. दीक्षेनंतर नवागताला एक मार्गदर्शक नेमून द्यावा. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने आता मार्गदर्शकाचा स्वतंत्र हुद्दाच निर्माण केला आहे, आणि इच्छुक दाराशी येण्यापूर्वीपासून ते गळालेल्या सभासदाला परत आणण्यापर्यंतचा सर्व क्रम लॉजनी आखून घ्यावा यासाठी पद्धतशीर योजना दिली आहे. हा मार्गदर्शक विधी शिकविणारा पंतोजी नव्हे. पहिल्या वर्षभर नव्या माणसाच्या शेजारी बसणारा, त्याला घरून बरोबर आणणारा, दुसऱ्या गावच्या लॉजला घेऊन जाणारा आणि सभेला तो न आल्यास दुसऱ्या दिवशी दूरध्वनी करणारा तो माणूस होय. त्याने पहिल्या दोन महिन्यांत एकच गोष्ट शोधून काढावी: याला काय येते? हिशेब येत असेल तर खजिनदाराच्या वहीजवळ, सुतारकाम येत असेल तर मोडक्या खुर्च्यांजवळ, स्वयंपाक येत असेल तर मुदपाकखान्यात, वाचनाची आवड असेल तर ग्रंथसंग्रहाजवळ त्याची नेमणूक व्हावी. एखादा बंधू चित्रफिती बनवीत असेल तर वयोवृद्धांच्या आठवणी टिपून ठेवण्याचे काम त्याच्या वाट्याला यावे. लॉजचे जुने दप्तर चाळून प्रत्येक सभेत पाच मिनिटांचा इतिहास सांगण्याचे काम तर कोणत्याही जिज्ञासू तरुणाला देता येते.

येथे एक अडचण लॉजच्या अंतर्गत रचनेतच आहे. नवा अधिकारी खालच्या हुद्द्यावर नेमला जातो आणि दरवर्षी एकेक आसन वर सरकत, सहासात वर्षांनी मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या अध्यक्षाच्या, उच्चासनापर्यंत पोहोचतो. मास्टरची मुदत एक वर्षाची असते. सभासद भरपूर होते तोवर ही शिडी म्हणजे उत्तम शिक्षण होते. सभासद कमी झाल्यावर जो येईल त्याला घाईने वर ढकलले जाते, विधी पाठ नसलेला माणूस तीन वर्षांत मास्टर होतो, थकून जातो, आणि पुढच्या वर्षापासून दिसेनासा होतो. त्याने आरंभिलेले काम त्याच्याबरोबरच बरखास्त होते. यावर ज्यांनी तोड काढली त्यांनी मास्टर आणि त्याच्या खालचे दोघे वॉर्डन यांना एकत्र बसवून तीन वर्षांचा एकच कार्यक्रम आखला, म्हणजे पहिल्याने सुरू केलेले वाचनसत्र वा गावातील शाळेसाठीची मदत दुसऱ्याने पुढे न्यावी आणि तिसऱ्याने पुरी करावी. मास्टरची एक वर्षाची मुदत बदलण्याची त्यासाठी आवश्यकता नाही.

दार रुंद करण्याविषयी मी वर जे लिहिले त्याचा अर्थ दार बंद ठेवावे असा होऊ नये. योग्यतेची कसोटी सैल करणे आणि अन्यायाचा अडसर काढणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. मुंबईतील युरोपीय मेसनांच्या लॉजने समाजसुधारक माणकजी करसेटजी यांना प्रवेश नाकारला, तेव्हा ते पॅरिसला जाऊन मेसन झाले. स्कॉटिश सनदेखालील पश्चिम हिंदुस्थानचे प्रमुख डॉक्टर जेम्स बर्न्स यांना हा पंक्तिप्रपंच असह्य वाटला, आणि डिसेंबर १८४३ मध्ये त्यांनी हिंदी लोकांना घेऊन ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा लॉज मुंबईत उभा केला. पुढे प्राच्यविद्यापंडित खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्यासारखे पुरुष त्या परंपरेतून पुढे आले. अमेरिकेत प्रिन्स हॉल आणि त्यांच्या कृष्णवर्णीय साथीदारांनी १७७५ साली बोस्टनमध्ये एका लष्करी लॉजकडून दीक्षा घेतली आणि १७८४ मध्ये इंग्लंडहून सनद मिळविली. तरी गोऱ्या ग्रँड लॉजनी त्यांच्या परंपरेला दोनशे वर्षे बंधू म्हणून ओळख दिली नाही, आणि कनेक्टिकट राज्याने तो पायंडा १९८९ मध्ये मोडला. जो संघ समतेची पाणसळ हातात धरून बसतो त्याने गावातील निम्म्या चांगल्या माणसांना रंगामुळे बाहेर ठेवावे आणि मग आसने रिकामी आहेत म्हणून खेद करावा, हे दुःखदायक आहे. तरुणांच्या बाबतीत इंग्लंडने थोडे शहाणपण दाखविले: ऑक्सफर्डचा ‘अपोलो’ आणि केंब्रिजचा ‘आयझॅक न्यूटन’ हे विद्यार्थ्यांचे जुने लॉज डोळ्यांपुढे ठेवून २००५ पासून विद्यापीठांच्या गावी तसेच लॉज निवडण्याची योजना तेथे सुरू झाली. स्त्रियांना हे जुने ग्रँड लॉज अद्याप प्रवेश देत नाहीत. त्यांचे स्वतंत्र संघ शंभरांहून अधिक वर्षे चालू आहेत, आणि स्त्रीपुरुषांचा संयुक्त संघ भारतात आणण्याचे श्रेय अॅनी बेझंट यांच्याकडे जाते.

इमारतीचा प्रश्न मात्र पुष्कळदा भावनेत अडकतो. डेट्रॉइटचे मेसॉनिक मंदिर १९२६ साली उघडले, त्यात हजारांहून अधिक खोल्या आहेत. लॉज आटत गेले, कर थकला, आणि २०१३ साली ती वास्तू लिलावात जाऊ नये म्हणून जॅक व्हाइट या गायकाने १ लाख ४२ हजार डॉलरांची थकबाकी भरली. प्रत्येक गावाला असा गायक मिळत नाही. ज्या लॉजची निम्मी वर्गणी छप्पर आणि तापयंत्रणा यांवर जाते त्याने शेजारच्या लॉजबरोबर एकाच इमारतीत राहावे, सभागृह गावाच्या ग्रंथालयसभेला वा रक्तदान शिबिराला द्यावे, आणि तेही न जमल्यास वास्तू विकून भाड्याच्या खोलीत जावे. पहिले चार लॉज भाड्याच्या खोलीतच भरत होते.

शेवटी नोंदवहीतील त्या नावांकडे वळले पाहिजे जी अजून कमी झालेली नाहीत, परंतु सभेतही येत नाहीत. बहुतेक लॉजमध्ये नव्या उमेदवाराच्या शोधात जितका वेळ जातो त्याच्या दशांशही या जुन्या बंधूंसाठी खर्च होत नाही. वर्गणी थकली की चिटणिसाकडून छापील नोटीस जाते, दुसरी जाते, आणि मुदत संपल्यावर नाव निलंबित होते. मध्ये कोणी घरी जाऊन पाहत नाही की तो आजारी आहे, की त्याची गाडी रात्री चालविण्याइतकी दृष्टी राहिलेली नाही, की पत्नीच्या निधनानंतर त्याने बाहेर पडणेच सोडले आहे. निलंबनाचा ठराव मांडण्यापूर्वी दोघा बंधूंनी त्या घरी जाऊन यावे आणि आपला वृत्तांत सभेत सांगावा, असा नियम ज्या लॉजला करावयाचा असेल त्याला ग्रँड लॉजच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दिवंगत बंधूंच्या विधवांची यादी चिटणिसाच्या दप्तरात असतेच. ती काढून सणावारी त्यांच्याकडे कोण जाणार हे सभेतच नेमून द्यावे, आणि त्या भेटीला गेल्या वर्षी दीक्षा घेतलेल्या माणसाला अवश्य बरोबर न्यावे.